तिसऱ्या डब्यातलं शेवटचं कार्ड

६ जानेवारी

वरच्या मजल्यावरच्या साळवे काकांकडे आज पहिल्यांदा गेले. (यापुढे सा. का. लिहीन. दिवसभर दुसऱ्यांचं टाइप करायचं आणि वर वहीत पूर्ण नावं कोण लिहीत बसणार.) तुर्भ्याला केमिकल कंपनीत लॅबमध्ये होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं आहे, कडेचं थोडं दिसतं, मधलं सगळं धूसर.

सून जिन्यात भेटली होती. "वर्षाताई, तुमी डीटीपी करता ना? बाबांचं एक काम आहे." मला वाटलं नातवाच्या मुंजी-बारशाची पत्रिका, म्हणजे मुंजीची नाही, हे लोक बौद्ध. निघाले बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे, काठोकाठ कार्डांनी भरलेले. प्रत्येक कार्डावर एक संस्कृत शब्द. खाली तीन शायांत तीन अर्थ. काळी शाई हिंदू, निळी बौद्ध, हिरवी थिऑसफी.

"थिऑसफी म्हणजे काय?" अज्ञान लपवायची मला सवय नाही.

"सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच ज्ञान आहे असं मानणारी मंडळी. बाहेरून आली, आपलेच शब्द उचलले आणि त्यांना नवे कपडे शिवले. आमचे पेंडसे त्यातले."

हे सगळं टाइप करून पुस्तक करायचं आहे. डोळे पुरते जायच्या आत. हो म्हणून आले. जीभ आणि हाडाचं काय म्हणतात ते माझ्यासाठीच केलेलं असावं.

१० जानेवारी

पेंडसे कोण ते कळलं. लॅबचे साहेब. तीन वर्षांपूर्वी गेले. सा. का. त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागले. एकदा जेवणाच्या सुट्टीत पेंडसे 'आत्मा' या शब्दावर काहीतरी बोलले आणि हे हाताखालचे, नवे, पटकन म्हणाले, "साहेब, तसं काही नसतं." दुसरा साहेब असता तर बदली केली असती. पेंडशांनी यांना समोर बसवून घेतलं आणि म्हणाले, सांगा कसं नसतं.

तिथून तीस वर्षं. रोज एक शब्द, जेवताना भांडण, संध्याकाळी कार्ड. सा. का. विहारातल्या वर्गात पाली शिकले, खास पेंडशांना उत्तर देता यावं म्हणून. निळी शाई यांची, हिरवी त्यांची. काळी ज्याच्या हाताला लागेल त्याची.

"हिरवी शाई साहेब लोकांची. त्यांना शोभायची," सा. का. म्हणाले. अजूनही 'साहेब' म्हणताना आवाज जरा सावरतात. आणि लगेच पुढे, "पण अर्थ चुकीचे लिहायचे."

१७ जानेवारी

कामाची पद्धत: ते डब्यात हात घालतात, कार्डांच्या कडांवरून बोट फिरवतात, एक उपसतात आणि मला देतात. "हे 'कर्म'. बघा." बघते तर कर्मच. डोळ्यांनी वाचता येत नाही, तरी आठवडाभरात एकदाही चुकले नाहीत. मला माझ्या कपाटात हिरवी साडी सापडत नाही.

'कर्म'. काळी: केलेलं काम आणि त्याचं भोगावं लागणारं फळ. निळी: करण्यामागचा हेतू, तेच कर्म. हिरवी: विश्वाचा तोल सावरणारा नियम; त्यात शिक्षा नाही, बक्षीस नाही. एका कार्डावर इतकं सगळं, आणि आपण चाळीस वर्षं "कर्म माझं" म्हणून कपाळाला हात लावत बसलो.

२५ जानेवारी

जाऊबाईंचा फोन. खारघरला फ्लॅट घेतला, बाराव्या मजल्यावर, डोंगर दिसतो. "हो का, छान छान" म्हटलं आणि फोन ठेवून भांडी जरा जोरात घासली.

दुपारी नेमकं 'मुदिता' आलं. दुसऱ्याच्या सुखाने आपल्याला होणारा आनंद. हसायलाच आलं. जळफळाटाला आपल्याकडे ढीगभर शब्द आहेत, याला रोजच्या बोलण्यात एक नाही. सा. का. ना जाऊबाईंचं सांगितलं. म्हणाले, "मलाही जमलं नाही. पेंडशांना जमायचं. माझ्या मुलाला नोकरी लागली तेव्हा माझ्याआधी त्यांनी पेढे वाटले."

हा माणूस स्वतःची फुशारकी म्हणून मारत नाही. मी कोपरखैरण्यात अठरा वर्षं राहते, असा माणूस डोक्यावरच्या मजल्यावर राहतो याचा पत्ताच नव्हता. माहीत काय होतं, तर त्यांच्या बाथरूमचं लीकेज.

९ फेब्रुवारी

सा. का. चार दिवस गावी, पुतणीच्या लग्नाला. डबे माझ्याकडे ठेवून गेलेत. त्यांना सरप्राइज द्यायचं ठरवलं. कोश आहे आणि क्रम कसलाच नाही. 'आत्मा'च्या शेजारी 'स्कंध', 'आकाश'ला चिकटून 'शून्य'. वाशीहून प्लॅस्टिकचे पारदर्शक खोके आणले, दोन दिवस जमिनीवर बसून सगळी कार्डं अकारविल्हे लावली. अ, आ, इ असे खण, प्रत्येकावर चिकटपट्टी. कंबर गेली, पण काम काय देखणं झालं.

एकोणीस कार्डं कोरी निघाली. ती स्वैपाकघराच्या ड्रॉवरमध्ये टाकली. भाजीच्या यादीला बरी, जाड आहेत. अनिल नवरेपणाच्या हक्काने म्हणाला, "बघ, तूही आता ठेवायला लागलीस." तो आयुष्यात काही टाकत नाही. बिलं, पिशव्या, दोऱ्या, तुटके पट्टे. रोज बोलते, ऐकतो कोण.

१२ फेब्रुवारी

सा. का. आले. मी मोठ्या थाटात खोके समोर ठेवले, काही बोलले नाही. त्यांनी हात घातला. कडांवरून बोट फिरलं, थांबलं, परत मागे आलं. एक कार्ड उपसलं.

"हे 'शून्य'."

हातात घेतलं. 'क्लेश' होतं.

मी वाचलं तसं सांगितलं. त्यांनी दुसरं काढलं, विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे केलं. 'तृष्णा'. मग मीच भडाभडा बोलले की सगळं अकारविल्हे लावलंय, आता कुणालाही सापडेल. ते म्हणाले, "बरं केलंत. कोश म्हणजे तसाच हवा." आणि चहा आला तो तसाच ठेवला.

घरी येऊन हे लिहायला बसले. बरं केलंत म्हणणारा माणूस असा दिसत नाही.

१५ फेब्रुवारी

तीन दिवस वरून निरोप नाही. पत्र्याचे जुने डबे भंगारात द्यायला काढले. तिसऱ्याच्या तळाला वर्तमानपत्राचा कागद घातला होता, तो ओढला तर खाली चिठ्ठी. हिरवी शाई.

'क्रम हलवू नये. भांडणं मोडतील. पें.'

तशीच वर गेले, ओढणीचंही भान नव्हतं. सा. का. खिडकीशी बसले होते. वाचून दाखवलं. मग त्यांनी सांगितलं. ज्या शब्दाचं ज्या शब्दाशी भांडण झालं, तो त्याच्या शेजारी. पेंडसे म्हणाले आत्मा, हे म्हणाले स्कंध, माणूस म्हणजे पाच गोष्टींचा ढीग, मधे मालक कोणी नाही. म्हणून ती दोन कार्डं जोडीने. ते म्हणाले आकाश, हे म्हणाले शून्य. तीस वर्षांच्या जेवणाच्या सुट्ट्या ओळीने लावलेल्या होत्या. डोळे अधू झाल्यावरही बोटांना जागा पाठ होत्या. आणि मी दोन दिवसांत सगळं विसकटलं, वर चिकटपट्ट्या लावल्या.

"माझा हेतू चांगला होता हो काका," म्हटलं आणि रडले.

"मग निळ्या शाईत सुटलात तुम्ही," ते म्हणाले. "काळ्या शाईत मात्र निस्तरावं लागेल."

निस्तरते म्हटलं. उद्यापासून.

२० फेब्रुवारी

मी कार्ड वाचते, सा. का. डोळे मिटून ऐकतात, मग सांगतात कुणाशेजारी. कधी लगेच, कधी दहा मिनिटं. जागा आठवायची तर भांडण आठवावं लागतं, म्हणून भांडणही सांगतात. तेही मी टाइप करून घेते आहे, त्यांना न विचारता.

'बुद्धी'. पेंडशांच्या हिरव्या शाईत ती मनाच्याही वरचं तत्त्व आहे, प्रत्येकाच्या आत असलेलं. यांनी विचारलं होतं, "साहेब, मग आपल्या मॅनेजरकडे कुठंय?" पेंडशांना ठसका लागला, लॅबमधली बाटली पडली. दोघांनी मिळून फरशी पुसली. साहेब आणि मदतनीस, दोघं गुडघ्यावर.

'देवाचन'. मेल्यावर जीव पुढचा जन्म घेण्याआधी सुखात विसावतो ती अवस्था, हिरवी शाई. यांनी शोधून काढलं की शब्द संस्कृत नाहीच, तिबेटी आहे. पेंडसे दोन महिने मानायला तयार नव्हते. मानल्यावर स्वतःच्या हाताने कार्डावर लिहिलं: 'साळवे यांनी दाखवून दिल्याप्रमाणे'. मी ती ओळ दोनदा वाचून दाखवली. त्यांनी मागितली नव्हती, पण कान टवकारून ऐकत होते.

असा साहेब आणि असा हाताखालचा माणूस. मला पंचवीस वर्षांच्या नोकरीत यातला एकही भेटला नाही.

२ मार्च

दोन डबे जुन्या क्रमाने भरले. तिसराही संपत आला. सा. का. आज जरा खुशीत होते. म्हणाले, "आता शेवटचं द्या."

"कुठलं?"

"तिसऱ्या डब्यात सगळ्यात मागे होतं. एका बाजूने कोरं."

मला स्वैपाकघरातला ड्रॉवर आठवला.

मग त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. पेंडसे शेवटच्या आजारात हॉस्पिटलमध्ये होते. हे भेटायला गेले. पेंडसे म्हणाले, "चला साळवे, देवाचनात भेटू." हे सवयीने बोलून गेले, "भेटायला उरणार कोण, साहेब?" तीस वर्षं असंच बोलत आले होते. पण पेंडसे काहीच बोलले नाहीत. हसले की दुखावले, यांना कळलं नाही. मधलं तेव्हाच धूसर झालं होतं, चेहरा दिसत नव्हता. त्यानंतर भेट नाही. तेराव्याला पेंडसे काकूंनी एक कार्ड हातात दिलं, "ह्यांनी तुमच्यासाठी लिहून ठेवलंय." पेन्सिलने, अगदी फिकं. यांना वाचता येईना. आणि दुसऱ्या कुणाला वाचायला सांगायची छाती होईना.

"मरणाऱ्या माणसाला मी असं बोललो," सा. का. म्हणाले. "तीन वर्षं त्या कार्डावर रोज बोट ठेवतो. हा कोश पुरा झाला की वाचून घ्यायचं असं ठरवलं होतं."

मी म्हटलं, घरी राहिलंय, आणते. खोटं बोलले.

३ मार्च

ड्रॉवरमध्ये अकरा. दोन्ही बाजूंनी कोरी, उजेडात धरून पाहिली. एकोणिसातून अकरा गेली, राहिली आठ. दोन फ्रिजवर चुंबकाखाली, माझ्या याद्यांसकट, मागे कोरी. एक अनिलच्या शर्टाच्या खिशात होतं, मशीनमधून धुऊन निघालेलं, नुसता लगदा. तो लगदा वाळवून सोडवून पाहिला. काही कळत नाही. तेच असलं तर? बाकी पाच याद्या अनिल बाजारात घेऊन गेला.

"अनिल, भाजीच्या याद्यांचं काय करतोस तू?"

"टाकल्या असतील. टेन्शन नको घेऊ."

नेमकं हेच तेवढं टाकलं या माणसाने.

५ मार्च

सा. का. ना सांगितलं सगळं. ड्रॉवर, भाजी, लगदा. खोटं बोलले तेही. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मांडीवरचे हात उलटे केले, सुलटे केले आणि म्हणाले, "जाऊ द्या. कोरंच होतं म्हणायचं."

'आकाश' या कार्डावर हिरव्या शाईत आहे की जगात घडलेलं, बोललेलं सगळं आकाशात नोंदलेलं राहतं, काही पुसलं जात नाही. परवाच टाइप केलं. तेव्हा गंमत वाटली होती. आज खिडकीतून आकाशाकडे बघत बसले होते, मूर्खासारखी.

९ मार्च

अनिल स्कूटर सर्व्हिसिंगला घेऊन गेला होता. मेकॅनिकने डिकी रिकामी करायला लावली. संध्याकाळी घरी आला, हातात कॅरीबॅग. आत पेट्रोलची बिलं, एक हातमोजा, नाक्यावरच्या देवळातला अंगारा, आणि माझ्या याद्या. पाचही. रबरबँड लावून.

"तू विचारत होतीस ना? टाकवत नाही गं मला."

चौथं कार्ड. माझ्या अक्षरात: कोथिंबीर, आलं, हि. मिरची, फरसबी पाव किलो, लिंबं ४. उलटं केलं. फिकं, पेन्सिलचं, थरथरतं अक्षर. 'साळवे,' एवढं वाचलं आणि पालथं घालून ठेवलं. सा. का. च्या आधी मी वाचायचं नाही. अनिलला जेवायला गोडाचा शिरा केला. त्याच्या वस्तू जपण्यावर यापुढे सहा महिने बोलणार नाही, असं त्याला सांगूनही टाकलं.

१० मार्च

सकाळी दहाला वर. कार्ड त्यांच्या हातात दिलं. बोट फिरवलं, कडा चाचपल्या. "हेच." मग कार्डाचा वास घेतला. "आल्याचा वास येतोय."

"मागे माझी भाजीची यादी आहे, काका."

"असू दे." कार्ड मांडीवर ठेवलं. सून आतून डोकावली, परत गेली. मग कार्ड माझ्याकडे केलं.

"वाच, वर्षा."

वाचलं. एकेक शब्द सुटा करून.

'साळवे, तुमचं बरोबर निघालं, तर हरलो हे कबूल करायला मी नसेन. म्हणजे तुम्ही जिंकूच शकत नाही. माझं बरोबर निघालं, तर येताना जेवणाचा डबा आणा. तुमच्याकडची भाकरी आणि ठेचा. तोवर विचार करून ठेवा. त्या दिवशी हसायला गेलो पण खोकला आला असता, म्हणून गप्प बसलो. पें.'

"परत," सा. का. म्हणाले. परत वाचलं. "खोकल्याचं परत." तेवढंच वाचलं.

चष्मा काढला, पुसला, तसाच हातात ठेवला. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. मीही रडत होते, लाजायचं काय त्यात. मग एकदम ताठ बसले.

"चूक आहे हे."

"काय चूक?"

"युक्तिवाद. जिंकायला समोरच्याची कबुली कशाला लागते? निळं पेन घे. लिही."

पेन घेतलं. टोपण काढेपर्यंत ते म्हणाले, "थांब. उद्या सांगतो."

१५ मार्च

पुस्तकाचं ठरलं. क्रम भांडणांचाच. मधे मधे मी गुपचूप टाइप केलेली भांडणं, ती त्यांना वाचून दाखवली, दोन ठिकाणी "असं नव्हतं बोललो" म्हणाले आणि बाकी राहू दे म्हणाले. शेवटी अकारविल्हे सूची, तेवढी माझी हौस. वीसेक कार्डांच्या जागा आठवत नाहीत त्या नाहीतच. "ती पेंडशांना माहीत," म्हणतात.

शेवटचं कार्ड घ्यायचं का, विचारलं. म्हणाले, घ्यायचं, पण खाली उत्तर हवं. उत्तर अजून नाही.

डोळे आणखी उतरलेत. आज कप टेबलाच्या बाहेर ठेवला. फुटला.

२४ मार्च

सकाळी सातला फोन. दूध गॅसवर. "कालचं खोड. दुसरं लिही."

हे चौथ्यांदा. पहिलं उत्तर निळ्या शाईत पेन्सिलच्या ओळींखाली लिहिलं, ते खोडायला लावलं. दुसरं समासात. तिसरं माझ्या फरसबीच्या वर. आजचं असं सुरू होतं: 'साहेब, समजा मी आलोच डबा घेऊन,' आणि तिथे थांबलेत. "पुढचं सुचलं की सांगतो. समजा म्हटलंय, मान्य केलेलं नाही, ते नीट दिसू दे."

नीट दिसेल असं लिहिलं. पुस्तक छापायला द्यायचं होतं, ते अडलंय. मी विचारत नाही. आवाज ऐकून वाटतं, डब्यात कोणती भाजी न्यायची तेही ठरवत असावेत. विचारलं तर नाही म्हणतील.

कार्डावर आता तिळाएवढी जागा उरली नाही. उद्या वाशीला जाऊन कोरी कार्डं आणायला हवीत. शंभराचं पाकीट घेईन म्हणते.